पियानोवर पीस बसवताना: आधी काय, नंतर काय

माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना पहिल्या दिवशी मी एकच सांगते, जे येतं ते वाजवून दाखवा. बहुतेक जण बेथोव्हेनचं ‘फ्युर एलिझ’ काढतात. सुरुवातीची ओळ झरझर येते, आठ-दहा बार (पानावरच्या दोन उभ्या रेघांमधली तालाची घरं) छान जातात, मग हात अडखळतो. ‘परत घेतो हं’ म्हणून ते पुन्हा पहिल्या स्वरापासून निघतात आणि पुन्हा तिथेच अडतात. घरीही रोज असंच चाललेलं असतं. पहिली ओळ शेकडो वेळा वाजलेली असते, मधल्या भागाला हात क्वचितच लागलेला असतो.

आपला रियाज कमी पडतोय, असं त्यांना वाटतं. रियाज भरपूर झालेला असतो, घोटाळा क्रमात असतो. बोटं चूकसुद्धा तितक्याच इमानाने पाठ करतात, म्हणून काय आधी आणि काय नंतर हे ठरवूनच पियानोसमोर बसायला हवं. मी स्वतः हे उशिरा शिकले. चुकीच्या बोटांनी पाठ केलेला एक पीस सुधारायला मला नवा पीस बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागले होते.

ज्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी, सावकाश का होईना वाचता येतं आणि पाश्चात्त्य अभिजात संगीतातला एखादा पूर्ण पीस बसवायचा आहे, त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे. पुण्यात पियानोकडे येणारे बरेच जण आधी पेटी वाजवलेले असतात. त्यांच्या काही खास अडचणी आहेत, त्या ओघात येतीलच.

## तयारी: पीस, प्रत आणि बैठक

पीस निवडताना एक साधी कसोटी लावा. सगळ्यात अवघड दिसणारे चार बार शोधा, फक्त उजव्या हाताने अगदी सावकाश वाजवा, मग फक्त डाव्या हाताने. वीस मिनिटांत दोन्ही हात वेगवेगळे निभले तर पीस तुमच्या आवाक्यातला आहे. नसेल तर वर्षभर थांबा. बाखचा सी मेजरमधला प्रिल्यूड (बाखच्या रचनांच्या सूचीत बीडब्ल्यूव्ही ८४६), क्लेमेंटीची ओपस ३६ मधली पहिली सोनाटिना, शोपँचा ई मायनरमधला प्रिल्यूड (ओपस २८, क्रमांक ४) हे पहिल्या दोन-तीन वर्षांत घेण्यासारखे आहेत. शोपँचा हा प्रिल्यूड अवघा २५ बारांचा आहे, पण त्यात डाव्या हाताला जो संयम लागतो तो शंभर बारांच्या पीसलाही लागत नाही.

प्रत नीट तपासून घ्या. नेटवर मिळणाऱ्या ‘सोप्या’ प्रतींमध्ये स्वर गाळलेले असतात, कधी सूरपट्टीच बदललेली असते. बाखच्या त्या प्रिल्यूडचे बार मोजा, ३५ भरले पाहिजेत. काही जुन्या छापील प्रतींत २२ आणि २३ या बारांच्या मध्ये एक जादा बार घुसडलेला आहे, तो बाखचा नाही. ‘फ्युर एलिझ’च्या सातव्या बारमध्ये उजव्या हाताचा दुसरा स्वर काही प्रतींत ई आहे, काहींत डी. दोन्ही वाचलीत तरी चालेल, पण एक ठरवा आणि त्यावर टिकून राहा. जमलं तर ‘उर्टेक्स्ट’ म्हणून छापलेली प्रत घ्या. तिच्यात संपादकाने आपल्या पदरचं कमीत कमी घातलेलं असतं.

स्वतःच्या कामासाठी पानांची मोठ्या आकारात एक झेरॉक्स काढा, तिच्यावर पेन्सिलने भरपूर लिहायचं आहे. शाईचं पेन नको, कारण निम्म्या खुणा आठवड्याभरात बदलतात.

वाद्य डिजिटल असेल तर पट्ट्या वजनदार हव्यात आणि पूर्ण ८८ हव्यात. स्प्रिंगच्या हलक्या पट्ट्यांवर बसवलेला पीस खऱ्या पियानोवर कोसळतो. लाकडी पियानो असेल तर तो बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा आणि लगेच येणारा दमट पावसाळा या दोन टोकांमध्ये त्याचं लाकूड फुगतं-आकसतं आणि सूर हलतात. वर्षातून एकदाच ट्यूनिंग परवडत असेल तर पाऊस पूर्ण ओसरल्यावर, दिवाळीच्या सुमारास करून घ्या.

बसल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला हवं. जेवणाच्या टेबलाची खुर्ची बहुतेकांना बुटकी पडते. खाली घट्ट घडी घातलेली सतरंजी घ्या, उशी नको, ती दबते.

> तपासा: प्रत ठरली? बार मोजले? सगळ्यात अवघड चार बार कोणते, ते बोट ठेवून दाखवता येतात? नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा १: पट्टीला हात न लावता वाचन

पहिले दोन दिवस पियानो बंद ठेवा. पान मांडीवर घ्या आणि पेन्सिलने चार गोष्टी शोधा: सूरपट्टी कोणती आणि ती मध्ये कुठे बदलते, ताल कोणता, जसंच्या तसं परत काय येतं, आणि दोन्ही हात एकाच वेळी हलतात कुठे.

हे काम पुण्यात गुरुवारी छान होतं. आमच्या भागात दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाते, डिजिटल पियानो मुका होतो, आणि मी खिडकीशी पान घेऊन बसते. माझे बरेचसे पीस असे गुरुवारीच सुरू झाले आहेत.

जसंच्या तसं परत येणारे भाग एकाच रंगाने रंगवा. ‘फ्युर एलिझ’ छापून शंभराच्या आसपास बार दिसतात म्हणून माणूस घाबरतो. पण मुखड्याचा भाग पुन्हा पुन्हा येतो, आणि त्याच्यामध्ये दोन वेगळे भाग आहेत. रंग भरून झाले की खरं काम निम्म्याच्या आसपास उरतं.

या टप्प्यावर रेकॉर्डिंग ऐका, पण दोन वेगवेगळ्या वादकांचं, पान समोर धरून. एकच रेकॉर्डिंग रोज ऐकलं तर त्या माणसाच्या लकबी पानावर लिहिल्या आहेत असं वाटायला लागतं.

इशारा: पडणाऱ्या रंगीत पट्ट्यांचे व्हिडिओ. यूट्यूबवर वरून रंगीत पट्ट्या पडतात आणि त्या बघून दाबायच्या, असे व्हिडिओ आहेत. सुरुवातीला ते सोपे वाटतात. पण कोणतं बोट हे त्यात कळत नाही, वाक्य कुठे संपतं ते दिसत नाही, आणि मधूनच सुरुवात करायची सवय लागत नाही. असं शिकून आलेल्या विद्यार्थ्यांना माझ्याकडे पीस पहिल्यापासून उलगडावा लागतो, आणि ते त्यांना फार लागतं. त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक सवय: प्रत्येक स्वराखाली सरगम लिहिणं. पेटीवरून आलेले हे हमखास करतात. ‘फ्युर एलिझ’ची सुरुवातीची ओळ ए मायनरमध्ये आहे. तिथे ए-ला सा मानून लिहिलंत, तर एफ मेजरच्या भागात पोचल्यावर सा बदलायचा की नाही इथे गोंधळ उडतो. शिवाय स्वर किती लांबवायचा आणि कोणत्या सप्तकातला, हे सरगमीतून दिसत नाही. रेघांच्या खूप वर-खाली गेलेला एखादा स्वर वाचता येत नसेल तर तेवढ्याचं नाव लिहा. पट्टी ओळखायला पेटीची भाषा मात्र खुशाल वापरा. ‘फ्युर एलिझ’ पांढरी तीन आणि काळी दोन यांच्या खेळाने सुरू होतं, हे सांगितल्यावर पेटीवाल्यांचा चेहरा उजळतो.

## टप्पा २: तुकडे पाडा, त्यांना नावं द्या

आता पीसचे तुकडे करा. एक तुकडा दोन ते चार बारांचा, एका दमात गुणगुणता येईल एवढा. पानावर क, ख, ग अशी अक्षरं घाला. तुकडा बारच्या रेघेवरच संपला पाहिजे असं नाही, वाक्य जिथे संपतं तिथे तोडा. आणि प्रत्येक तुकडा पुढच्या तुकड्याच्या पहिल्या स्वरावर नेऊन संपवायचा, नाहीतर तुकडे येतात आणि सांधे येत नाहीत.

बसवायचा क्रम छापलेला क्रम नव्हे. सगळ्यात अवघड तुकडा पहिल्यांदा. तो रोज रियाजाच्या सुरुवातीला, डोकं ताजं असताना. मग शेवटचे तुकडे, आणि शेवटी सुरुवात. सुरुवात तशीही ऐकून कानात बसलेली असते, तिची काळजी करू नका. पीस पुढे जाईल तसा माणूस ओळखीच्या प्रदेशात शिरतो, आणि वाजवताना त्याचा फार आधार वाटतो.

## टप्पा ३: बोटांचे आकडे

या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं डळमळतं, म्हणून इथे रेंगाळते.

दोन्ही हातांचा अंगठा १ आणि करंगळी ५. छापील प्रतीत काही आकडे दिलेले असतात, ते एका संपादकाच्या हाताला जमलेले आकडे आहेत. आधी तसं वाजवून बघा, तुमच्या हाताला पटले नाहीत तर बदला, पण बदललेला आकडा पानावर लिहा. दर वेळी वेगळं बोट पडत असेल तर शंभर वेळा वाजवूनही तो तुकडा पहिल्यांदाच वाजवल्यासारखा राहतो.

‘फ्युर एलिझ’ची पहिली ओळ घ्या: ई, डी शार्प, ई, डी शार्प, ई, बी, डी, सी, ए. उजव्या हाताला मी देते ती बोटं ५-४-५-४-५-२-४-३-१. ओळ अंगठ्यावर येऊन थांबते, आणि पुढच्या चढत्या सी-ई-ए-साठी हात थोडाच सरकवला की अंगठा सी-वर येतो. डाव्या हाताच्या ए-ई-ए-ला ५-२-१. हे तीन स्वर ५-३-१ ने घ्यायचा मोह होतो, पण मग मधल्या ताणलेल्या जागेत हात आखडतो.

तिसऱ्या भागाच्या शेवटी उजवा हात वरून खाली सगळ्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून उतरतो. तिथे काळ्या पट्टीवर ३, पांढरीवर १, आणि दोन पांढऱ्या लागून येतात तिथे वरच्या पांढरीवर, म्हणजे सी आणि एफ-वर, २. हा नियम एकदा बोटांत बसला की कुठल्याही पीसमधली अशी उतरण तुमची.

बोटं ठरवताना तीन प्रश्न विचारा. पुढच्या तुकड्यात हात कुठे असायला हवा? अंगठा काळ्या पट्टीवर उगाच चढतो आहे का? आणि हे बोट सावकाश वाजवताना सोयीचं आहे की वेगातही राहील? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला तेवढे दोन बार क्षणभर वेगात वाजवून बघावे लागतात, स्वर चुकले तरी चालतील. हळू वाजवताना कुठलंही बोट चालतं, तिथेच फसगत होते.

> तपासा: एखाद्या तुकड्याचे बोटांचे आकडे पान न बघता मोठ्याने म्हणून दाखवा. अडखळलात तर आकडे अजून ठरलेले नाहीत.

## टप्पा ४: एकेक हात

डावा हात आधी. पेटी वाजवलेल्यांच्या डाव्या हाताने आयुष्यभर भाता मारलेला असतो, सूर उजव्यानेच काढलेले असतात. त्यामुळे दोन हात एकत्र घेतले की उजवा आपलं चालू ठेवतो आणि डावा मागून फरपटत येतो. डावा हात एकट्याने, पान न बघता, गाण्यासारखा वाजला पाहिजे. मी विद्यार्थ्यांना डाव्या हाताचा भाग गुणगुणायला लावते. बाखच्या इन्व्हेन्शन्समध्ये तर डावा हात साथ करतच नाही, तोही तितकाच गातो.

बाखच्या सी मेजर प्रिल्यूडसारख्या पीसला वेगळा उपाय आहे. तिथे जवळजवळ प्रत्येक बारमध्ये पाच स्वरांची एकच जुळणी सुटी करून दोनदा वाजते. आधी ती सुटी करूच नका. डाव्याचे दोन आणि उजव्याचे तीन स्वर एकदम, थापेसारखे दाबा आणि पुढच्या बारच्या जुळणीवर जा. शेवटचे तीन बार सोडून सगळा पीस असा वाजवून काढा. कुठल्या बारमध्ये कोणतं एकच बोट सरकतं हे हाताला कळलं की सुटे स्वर आपोआप येतात. शोपँच्या ई मायनर प्रिल्यूडच्या डाव्या हातालाही हेच लागू आहे. तिथे तीन स्वरांच्या जुळणीतला बहुधा एखादाच स्वर अर्ध्या पायरीने खाली उतरतो. कोणता, ते पेन्सिलने गोल करा.

इशारा: एकेक हाताचं काम लांबवत नेऊ नका. महिनाभर सुटे हात वाजवले तर ते एकमेकांना अनोळखी होतात. एक तुकडा दोन्ही हातांनी वेगवेगळा तीन दिवस नीट गेला की जोडायला घ्या, पीसचे बाकीचे तुकडे मागे असले तरी.

## टप्पा ५: हात जोडणं

जोडताना वेग निम्म्याहूनही कमी करा. इथे सगळे घाबरतात आणि ‘इतकं हळू?’ म्हणून विचारतात. हो, इतकं हळू. प्रत्येक स्वराआधी पुढचं बोट पट्टीवर येऊन थांबलेलं असेल एवढं हळू.

पहिल्या दिवशी एका तुकड्यातला फक्त पहिला ठोका ते दुसरा ठोका एवढंच जोडा, मग दुसरा ते तिसरा. दोन हात नेमके कुठे एकत्र खाली येतात तिथे पानावर उभ्या रेघा मारा. त्या रेघा म्हणजे खांब. खांब पक्के झाले की मधले स्वर त्यांच्यावर टेकतात.

‘फ्युर एलिझ’च्या मुखड्यात हात एकत्र कमी आणि पाठोपाठ जास्त येतात. डावा ए-ई-ए देतो, उजवा लगेच सी-ई-ए उचलतो. पंगतीत वाढताना आमटीचं भांडं एका हातातून दुसऱ्या हातात जातं आणि थेंब सांडत नाही, तसा सूर इकडून तिकडे गेला पाहिजे. ऐकणाऱ्याला हात बदलल्याचं कळता कामा नये. यासाठी हे सहा स्वर आधी एकाच हाताने वाजवून ऐका, म्हणजे सलग वाजल्यावर कसं लागतं ते कानाला कळेल. मग दोन हातांत वाटा आणि तसंच लागतंय का ते पाहा. बहुतेकांचा उजव्याचा पहिला स्वर ठळक येतो, कारण अंगठा जड आहे. तो मुद्दाम हलका ठेवा.

पुढे एका जागी ई आणि डी शार्प यांची जोडी मुखड्याआधी बराच वेळ घोळते. किती वेळा, हे मोजलेलं नसलं की माणूस एक जोडी जास्त किंवा कमी वाजवून मुखड्यावर येतो आणि तोल जातो. पानावर जोड्यांना आकडे घाला. अंदाजावर सोडू नका.

चूक झाली की थांबून मागून घेण्याची सवय इथेच लागते. मागे जायचंच असेल तर नेमक्या त्या सांध्याच्या एक ठोका आधीपासून घ्या, चुकलेली बोटं शोधा, तेवढंच तीनदा बरोबर वाजवा. तुकड्याच्या सुरुवातीला पळू नका.

## टप्पा ६: ताल आणि वेग

पुण्यातल्या ऐकणाऱ्यांना ताल हातावर धरायची सवय असते. सवाई गंधर्व महोत्सवात आसपास बघा, शेकडो बोटं मांडीवर चाललेली असतात. ही सवय पियानोवर फार उपयोगी पडते, पण एका ठिकाणी दगा देते.

‘फ्युर एलिझ’ ३/८ मध्ये आहे, आणि मुखड्यात एका बारमध्ये सहा बारीक स्वर येतात. सहा म्हटलं की आपल्या हाताला दादरा आठवतो, धा धी ना, धा ती ना, तीन-तीनचे दोन भाग. तसं वाजवलं की पीस झोके घ्यायला लागतो. इथले सहा स्वर दोन-दोनच्या तीन जोड्या आहेत. ‘एक-आणि, दोन-आणि, तीन-आणि’ असं मोठ्याने म्हणत वाजवा. दुसरी गोष्ट, पहिले दोन स्वर समेच्या आधीचे आहेत, ख्यालाच्या मुखड्यासारखे. सम तिसऱ्या स्वरावर, ई-वर येते, आणि पुढची सम ए-वर, जिथे डावा हात येऊन मिळतो. पहिल्या स्वरावर सम समजून जोर दिला की सगळी ओळ वाकडी होते.

वेगाचा हिशेबही आपल्याच भाषेत सांगते. मुखड्याचे स्वर बरोबरीत धरले तर एफ मेजरच्या भागात काही ठिकाणी त्यांची दुगुन, म्हणजे दुप्पट वेग, आहे. म्हणजे मुखडा कुठल्या लयीत घ्यायचा हे ती दुगुन ठरवते. बहुतेक जण मुखडा झेपेल तितका वेगात सुरू करतात आणि दुगुनपाशी लय पडते. आधी दुगुनच्या बारांचा स्वच्छ वेग शोधा, तो पहिल्या पानावर लिहा, मुखडा त्याच वेगाने सुरू करा. सुरुवातीला तो फार संथ वाटेल, तरी तसाच घ्या.

मेट्रोनोम (ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) असा लावा:

१. बारमध्ये तीन ठोके पडतील असा ६० वर. दोन हातांनी तुकडा.
२. सलग तीनदा बिनचूक आला की ४ ने वाढवा.
३. दोनदा चुकला की ८ ने खाली या. रोज आदल्या दिवशीच्या वरच्या आकड्यापेक्षा १२ ने खालून सुरुवात.
४. आठवड्यातून दोन दिवस मेट्रोनोम पूर्ण बंद. नाहीतर तो काढल्यावर लय आपली राहत नाही.

‘सलग तीनदा’ म्हणजे सलगच. दोनदा आला आणि तिसऱ्यांदा चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. मी पट्ट्यांच्या कडेला तीन शेंगदाणे ठेवते आणि एक-एक सरकवते.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत नदीपात्रातून ढोल-ताशा पथकांच्या सरावाचा आवाज येतो तेव्हा ठेक्याविरुद्ध भांडू नका. त्या संध्याकाळी हेडफोन लावून एकेक हात करा, किंवा बोटांचे आकडे तपासा.

## टप्पा ७: वजन आणि पेडल

पेटीवर आवाज भात्यातून येतो आणि पट्टी दाबून ठेवली तोवर सूर टिकतो. पियानोवर आवाज पट्टी किती वेगाने खाली जाते यावर ठरतो, आणि वाजल्या क्षणापासून सूर विरायला लागतो. म्हणून सलग गाणारी ओळ काढायची तर पुढचा स्वर मागच्याच्या विरत्या आवाजाला जुळवून घ्यावा लागतो. लांब स्वरानंतरचा स्वर जरा हलका, हे एवढंच आठवडाभर करून बघा.

‘फ्युर एलिझ’ची सुरुवात पीपी, म्हणजे अगदी मृदू, लिहिलेली आहे. जवळजवळ सगळे ती ठणठणीत वाजवतात. मृदू म्हणजे अर्धवट दाबलेली पट्टी नव्हे. पट्टी तळापर्यंत जायलाच हवी, फक्त सावकाश.

पेडल सगळ्यात शेवटी. हात पक्के होण्याआधी पेडल लावलं की ते सांध्यातली भेग झाकतं आणि ती कायम राहते. पेडल स्वराबरोबर दाबायचं नाही. नवा स्वर वाजतो त्या क्षणी पाय वर, आणि स्वर कानावर पडल्यावर खाली. नुसता एकेक स्वर घेऊन ही हालचाल चार दिवस वेगळी शिका. डावा हात बदलला की पेडल बदललं पाहिजे. टाच जमिनीवरून उचलू नका.

> तपासा: पूर्ण पीस एकदा पेडलशिवाय वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा. तोही ऐकवत असेल तरच पेडल घाला.

## टप्पा ८: पाठांतर

कॅम्पातल्या एका छोट्या सभागृहात मी वाजवत होते. पीस मला येत होता, झोपेतून उठवलं तरी आला असता. मध्ये कुणाची तरी खुर्ची सरकली, माझं लक्ष गेलं आणि बोटं थांबली. पुढचं आठवेना. मला फक्त सुरुवातीपासूनच निघता येत होतं, म्हणून पुन्हा पहिल्या बारपासून घेतलं आणि पुन्हा त्याच जागी थांबले. त्या रात्री घरी येऊन मी पानावर पहिल्यांदा थांबे आखले.

बोटांची आठवण साखळीसारखी असते. एक कडी तुटली की पुढचं सगळं गेलं. म्हणून तिच्याशिवाय दुसरे आधार हवेत. टप्पा २ मध्ये घातलेली क, ख, ग ही अक्षरं आता थांबे म्हणून वापरायची. प्रत्येक थांब्यावर दोन्ही हातांचे पहिले स्वर, पहिली बोटं आणि तिथे सूरपट्टी कोणती, एवढं तोंडपाठ करा. मग अक्षरांच्या चिठ्ठ्या करून वाटीत टाका, एक उचला, आणि त्या थांब्यापासून पान न बघता पुढच्या थांब्यापर्यंत वाजवा. आठवडाभर रोज दहा चिठ्ठ्या.

त्यानंतर डावा हात एकटाच, पाठ. उजव्याची धून कान सांगतो, डाव्याला तो आधार नसतो, म्हणून विसर पडतो तो बहुधा डाव्याकडून.

आणि मग पुन्हा टप्पा १ सारखं, पियानो बंद करून, डोळे मिटून, सगळा पीस मनात वाजवायचा. जिथे धूसर होतं तिथे पाठांतर नाही, फक्त सवय आहे. ती जागा पान काढून बघा.

एक विनंती: पाठ झाल्यावर पान कपाटात टाकू नका. आठवड्यातून एकदा समोर ठेवून, सावकाश, वाचत वाजवा. पाठ झालेल्या पीसमध्ये चुका हळूच शिरतात आणि कानाला सवयीच्या होऊन बसतात.

## टप्पा ९: लोकांसमोर

कार्यक्रम असो की ग्रेडची परीक्षा, दोन आठवडे आधी नवं काही बदलायचं नाही. ना बोटं, ना वेग. या काळात रोज एकदा, हात गरम न करता, दिवसातलं पहिलं वाजवणं म्हणून पूर्ण पीस एकदाच वाजवा. काहीही झालं तरी थांबायचं नाही. चुकलात तर पुढच्या थांब्यावर उडी मारा. ही उडी घरीच शिकावी लागते, तिथे आयत्या वेळी सुचत नाही.

घरी येणाऱ्या माणसांसमोर वाजवा. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर, रविवारी चहाला आलेल्या काकांसमोर. ते बोलत असतील तर आणखी चांगलं. प्रत्यक्ष जागेवर बहुधा वेगळाच पियानो असतो. पट्ट्या जड असतील, पेडल उशिरा धरत असेल. आधी पाच मिनिटं मिळाली तर पीस वाजवून बघू नका. बैठकीची उंची लावा, पेडल तपासा, सगळ्यात मृदू जागेचे चार बार आणि सगळ्यात जोरकस चार बार घ्या आणि उठा. सुरू करण्याआधी मनात दुगुनचा बार म्हणा, त्यातून मुखड्याची लय काढा, मग हात ठेवा.

## नंतर पीस ठेवणीत ठेवताना

कार्यक्रमानंतर पीस एकदम सोडू नका. पहिला आठवडा रोज एकदा सावकाश, पान समोर ठेवून. पुढे पंधरा दिवसांतून एकदा. काही महिन्यांनी परत काढाल तेव्हा सरळ वेगात वाजवायचा मोह होईल, कारण बोटांना निम्मं आठवत असेल. तेव्हा आधी डावा हात एकटा घ्या, मग चिठ्ठ्यांची वाटी काढा, आणि मेट्रोनोम पुन्हा ६० वर आणून ठेवा.